सोमवारच्या पाच बरण्या

माणसाने सॅलड चोरून खावं असं त्यात काय असतं, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पडला. लोक दारू चोरून पितात, सिगारेट चोरून ओढतात. आमच्या रिसेप्शनच्या मॅडम डाएटच्या दिवसांत बाकरवडी चोरून खायच्या, तेही मी समजू शकत होते. पण आमचे सर, वय छप्पन्न, माती आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख, रोज दुपारी एक वाजता गाजर-कोबीची बरणी घेऊन जुन्या फायलींच्या खोलीत जायचे आणि आतून कडी लावून घ्यायचे. अर्ध्या तासाने बाहेर यायचे ते थेट बेसिनपाशी. तिथे दात घासायचे, साबणाने हात धुवायचे, मग लिंबाची फोड बोटांवर चोळायची आणि शेवटी बोटं नाकाजवळ नेऊन वास बघायचा. पुरावा नष्ट करणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मी तिथे रोज बघत होते.

प्रयोगशाळा गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला. भाजी घेऊन आलेले शेतकरी गाडी रिकामी झाली की शेतातली माती पिशवीत घालून आमच्याकडे द्यायचे. सर ती पिशवी उघडायचे, चिमूटभर माती अंगठ्याखाली चोळायचे आणि काही न बोलता पावती फाडायचे. समोरच्याला राहवायचं नाही.

"साहेब, माती चांगली हाय न्हवं?"

"माती चांगलीच असते. आपण तिला काय काय घातलंत, ते आम्ही बघणार आहोत."

"रिपोर्ट उद्या मिळंल का?"

"माती वाळली की मिळेल. तिला आपल्या घाईची कल्पना नसते."

सर सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. झाडूवाल्या मावशींना, मला, कुरिअर घेऊन येणाऱ्या मुलांनाही. या 'आपण'मध्ये आदर किती आणि 'चार हात लांब राहा' किती, हे मला पहिले सहा महिने कळलं नव्हतं. मी वारज्याची, मोठ्याने बोलणाऱ्या घरातली. मला कोणी असं अदबीने लांब ठेवलं की मी मुद्दाम जवळ जाते. त्या खोडीपायीच पुढचं सगळं घडलं, असं मला अजूनही वाटतं.

एका सोमवारी वडिलांना स्वारगेटला सोडायचं होतं म्हणून मी साडेसातलाच ऑफिसात पोचले, तेव्हा त्या बरण्यांचा कारखाना पहिल्यांदा पाहिला. पँट्रीच्या ओट्यावर स्वच्छ पंचा अंथरलेला. त्यावर धुतलेली कोथिंबीर आणि सॅलडची पानं निथळत पडलेली. इंडक्शनवर हरभरे उकडत होते. एका रांगेत पाच काचेच्या बरण्या, आणि सर शर्टाच्या बाह्या दुमडून गाजराचे तुकडे करत होते. मातीच्या नमुन्यांना लावायचे स्टिकर त्यांनी बरण्यांना लावले होते. नमुना क्रमांकाच्या जागी सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र.

"आलाच आहात तर हात धुवा," सर म्हणाले. "बघे मला चालत नाहीत."

त्या दिवसापासून मी अधूनमधून सोमवारी लवकर जायला लागले. सर शिकवत काही नसत, चुकलं की बोलत. तळाला लिंबाचा रस आणि जिरेपूड. त्यावर हरभरे, कारण ते रसात मुरले तर बिघडत नाहीत, उलट सुधारतात. मग गाजर, कोबी, मुळा. मग काकडी, तीही बिया काढून, आणि फक्त पहिल्या तीन बरण्यांत. "काकडीचा भरवसा बुधवारपर्यंत. पुढे ती पाणी सोडते आणि शेजाऱ्यांनाही बिघडवते." सगळ्यात वर पानं, आणि झाकणाच्या आत कागदी रुमालाची घडी, ओल शोषायला. मोड आलेली मटकी ज्या त्या दिवशी सकाळी, वाफवून. शेंगदाणे आणि मीठ वेगळ्या पुडीत, खायच्या क्षणापर्यंत बाहेर. एकदा मी हौसेने बरणीत मीठ टाकलं तेव्हा सर नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"चिमूटभरच टाकलं सर."

"चिमूटच पुरते. एकदा सुटलेलं पाणी परत आत जात नाही. ही बरणी आपण आज खा. आपल्यालाच शिक्षा."

किसणीला त्या ओट्यावर बंदी होती. मी म्हटलं, किसून टाकू, पटकन होईल. सर म्हणाले, "मग चावायचं काय?" मी हसले. ते हसले नाहीत. त्यांचे गाजराचे तुकडे चांगले बोटाच्या पेराएवढे असायचे, आणि ते खाताना काय आवाज होत असेल याची मी कल्पना करायचे, कारण त्या बंद दाराआडून तो आवाज कधीच बाहेर आला नाही.

ही कोशिंबीर नव्हे, असं मात्र ते ठामपणे सांगायचे. कोशिंबीर म्हणजे दही, दाण्याचं कूट, फोडणी. कोशिंबीर ताटात डावीकडे बसते आणि पाहुण्यासारखी वागते. हे जेवण आहे.

पण जेवण म्हणावं तर त्यांच्याकडे दुसराही डबा असायचा. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, घरून आलेला. त्यात रोज जवळजवळ एकच गोष्ट. मऊ भात, इतका मऊ की चमच्याने ओतावा, आणि मिक्सरमधून काढलेली एखादी पातळ भाजी. हा डबा सर आमच्याबरोबर टेबलावर बसून खायचे. सगळा खायचे, कप्पा बोटाने निपटून. आणि मग उठून बरणी घेऊन फायलींच्या खोलीत जायचे. बाळाचं जेवण चारचौघांत आणि मोठ्या माणसाचं जेवण कडी लावून, असा उलटा प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ऑफिसात यावर तर्क चालायचेच. रिसेप्शनच्या मॅडमचं म्हणणं, बायको कडक असणार, मुळा-कांदा घरात चालत नसणार. मला वाटायचं कसलं तरी व्रत आहे आणि सर ते मोडतायत. एकदा मी विचारलंच, की सर, इथे आमच्याबरोबर बसून खा ना, कोण काय म्हणणार आहे?

"अहो, माणसाने दिवसातून एकदा तरी दार लावून घ्यावं," ते म्हणाले. "आपल्यालाही जमेल. प्रयत्न करून बघा."

मला ते लागलं. पण त्या वयात माझं लागलेलं फार वेळ टिकत नसे.

मी नोकरीला लागून दोन वर्षं होत आली होती. एका बुधवारी दुपारी सरांना ताप भरला. रिक्षात बसवून आम्ही त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, शुक्रवारीही येणार नाहीत असा मेसेज आला. फ्रिज उघडला तर गुरू आणि शुक्र तिथे उभे. आता या बरण्यांचं काय करायचं, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नसता. मला पडला, कारण मी त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. केलेलं वाया घालवायचं नाही, हे त्यांचंच म्हणणं. त्यांचं घर कर्वेनगरला, माझ्या वारज्याच्या वाटेवर. तापातून उठलेल्या माणसाला ताजं, पौष्टिक काहीतरी मिळेल असा विचार करून मी दोन्ही बरण्या रुमालात गुंडाळल्या आणि स्कूटरच्या डिकीत ठेवल्या. स्वतःवर फार खूश होते मी त्या संध्याकाळी.

दार काकूंनी उघडलं. गळ्याभोवती सुती स्कार्फ होता. चेहऱ्याची एक बाजू जबड्यापाशी आत गेलेली, आणि तिथून खाली मानेपर्यंत एक लांब व्रण. त्या हसल्या तेव्हा ओठांची एकच बाजू हलली. सरांनी दोन वर्षांत घराविषयी एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी गडबडले. आणि गडबडले की मी बोलत सुटते.

"काकू, मी सरांच्या ऑफिसातली. सरांच्या बरण्या राहिल्या होत्या, खराब होतील म्हणून आणल्या. सर दर सोमवारी आठवड्याचं सॅलड करून ठेवतात ना, मलाही शिकवलंय त्यांनी. काय सुंदर करतात हो. दोन वर्षं बघतेय, एक दिवस खाडा नाही."

काकूंनी बरणी हातात घेतली. उजेडाकडे धरली आणि सावकाश फिरवली. हरभरे, गाजर, कोबी, मुळा. मग स्टिकरवरचं अक्षर वाचलं. नवऱ्याचं अक्षर बाईला ओळखू येणारच. इतक्यात आतून शाल पांघरलेले सर आले. त्यांनी काकूंच्या हातातली बरणी पाहिली, मग मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

काकू काहीतरी बोलल्या. शब्द जाड आणि ओले होते, मला एकही कळला नाही.

"ती विचारतेय, आपण चहा घेणार का," सर म्हणाले.

काकूंनी तसं काही विचारलं नव्हतं, एवढं मला कळत होतं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. मी उशीर झाल्याचं सांगून निघाले आणि कर्वेनगरपासून वारज्यापर्यंतचा रस्ता कसा कापला ते मला आठवत नाही.

सोमवारी सर आले ते हातात पिशवी न घेता. पँट्रीचा ओटा कोरडा. दुपारी त्यांनी मला फायलींच्या खोलीत बोलावलं आणि पहिल्यांदाच दार उघडं ठेवलं. मी रडायच्या तयारीनेच गेले होते.

"आपण काही चूक केलेली नाही," ते म्हणाले. "करणाऱ्याने केलं, आपण फक्त पोचवलंत."

मग त्यांनी सांगितलं. जेमतेम दहा वाक्यं असतील. काकूंना जिभेचा कॅन्सर झाला. तंबाखूचं नाव नाही, सुपारीचं व्यसन नाही, मराठी शाळेत बालवर्गाला शिकवणारी बाई. शस्त्रक्रियेत जिभेचा मोठा भाग गेला, दात काढावे लागले, पुढच्या रेडिएशनने जबडा आखडला. काही महिने नळीने अन्न. नळी निघाल्यावर पहिल्यांदा दोघं जेवायला बसली तेव्हा काकूंपुढे पेज होती आणि सरांनी सवयीने ताटातली काकडी उचलून चावली. घरात दुसरा आवाजच नव्हता, तो तेवढा झाला. काकू पेजेची वाटी घेऊन आत निघून गेल्या.

"त्या दिवशी मी तिला सांगितलं, मला आता कच्चं आवडत नाही. तू खाशील तेच मी खाणार. तिने ते मानलं. एकाच भांड्यात दोघांचं शिजायला लागलं, ती हौसेने करायला लागली. शस्त्रक्रियेनंतर तिने हौसेने केलेली ती पहिली गोष्ट."

आणि मग सहा-सात महिन्यांत त्या मऊ भाताने आणि पेजेने सरांची साखर वर गेली. डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? ऐकून डोक्याला हात लावला आणि सांगितलं, कच्च्या भाज्या, कडधान्यं, चावून खा, नाहीतर इन्सुलिनवर याल. हे घरी सांगायचं म्हणजे काकूंना सांगायचं, की तू प्रेमाने घालतेस ते मला बाधतंय. सरांनी ते सांगितलं नाही. घरी पेज चालू ठेवली, काकूंनी दिलेला डबा रोज पूर्ण संपवला, आणि वर या बरण्या सुरू केल्या.

"आता काकू काय म्हणतात?" मी विचारलं.

"आता माझ्यासाठी पोळी-भाजी वेगळी करते. वाढते, आणि स्वतःची वाटी घेऊन आतल्या खोलीत जाऊन जेवते. मला वाटलं होतं मी तिला एकटं पडू दिलं नाही. तिला वाटतंय मी तिला दोन वर्षं खेळवलं. तिचंच बरोबर असावं."

पुढचे तीन आठवडे सर दुपारी जेवले नाहीत. काकू देत होत्या तो पोळी-भाजीचा डबा ते आणत, उघडत, बंद करत. कधी दोन बिस्किटं खाल्ली तर खाल्ली. हात कापायला लागले की खुर्चीत बसून राहत. ती वेगळी केलेली पोळी-भाजी त्यांना खायची नव्हती, काहीच न खाल्लं तर ही अवस्था, आणि बरणी करायला ते तयार नव्हते. मी एका सोमवारी चिडून स्वतः भाजी आणली, सगळं चिरलं, पाच बरण्या भरून फ्रिजमध्ये ठेवल्या. सरांनी त्या पाहिल्या, "थर बरोबर लावलेत," एवढं म्हणाले आणि फ्रिज लावून टाकला. त्या बरण्या मी आणि रिसेप्शनच्या मॅडमनी आठवडाभर खाल्ल्या.

काकूंना जाऊन आता दीड वर्ष झालं. आजार परत आला आणि या वेळी मानेपाशी थांबला नाही. सर निवृत्त झाले. मध्ये मार्केट यार्डात भेटले, मुळ्याची जुडी नाकाशी धरून उभे होते. मला म्हणाले, "आपण जाड झालात," आणि लगेच, "छान दिसतंय." इतकं कौतुक त्यांनी माझं नोकरीत असताना कधी केलं नव्हतं. साखर ताब्यात आहे म्हणाले. काकूंचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही, आणि तरी आम्ही दोघं त्यांच्याविषयीच बोलत होतो असं मला घरी येईपर्यंत वाटत राहिलं. पुष्कळ लोक सरांना खडूस म्हणतात. ते खडूस आहेतच. पण खडूस माणसाचा मी एक सोमवार पाहिलेला आहे, त्या उपाशी तीन आठवड्यांनंतरचा, चौथ्या आठवड्यातला.

त्या सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला ऑफिससमोर रिक्षा थांबली. काकू उतरल्या. तोच स्कार्फ, हातात दोन्ही बाजूंनी धरलेली जड पिशवी. सर काउंटरवर होते, ते उठायच्या आत त्या सरळ पँट्रीत गेल्या. मी तिथेच होते. मी निघायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला स्टुलावर बसवलं.

पिशवीतून त्यांनी लोणच्याच्या पाच बरण्या काढल्या. सगळं चिरून, थर लावून भरलेलं. प्रत्येकीवर बालवर्गाच्या फळ्यावर असतं तसं मोठं गोल अक्षर, सोमवार ते शुक्रवार. आमच्याकडून गेलेल्या दोन बरण्या बघून त्यांनी सगळं ओळखलं होतं. तुकडे मात्र त्यांचे स्वतःचे, सरांपेक्षाही मोठे.

सर दारात उभे. "हे कशाला? घरी बोलू आपण," ते म्हणाले.

काकूंनी एक वही काढून त्यांच्यापुढे धरली. सरांनी घेतली नाही. "घरी वाचतो."

तेव्हा काकूंनी वही माझ्यापुढे केली आणि त्या पानावर बोट ठेवलं. त्यांना ते मोठ्याने वाचून हवं होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. मी वाचलं. माझा आवाज मला परका वाटत होता.

"त्या दिवशी तुम्ही काकडी चावलीत आणि मी उठून गेले. मला रडू आलं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी कमी आलं असतं. तिसऱ्या दिवशी आलंही नसतं. पण तुम्ही दुसरा दिवस येऊच दिला नाहीत. त्यानंतर आपल्या घरात कुणी काही चावलं नाही. पापड नाही, चुरमुरे नाहीत. मला वाटलं माझ्या आजाराने तुमची भूक मारली. अडीच-तीन वर्षं मी तेवढ्यासाठी देवापुढे रोज रडले. आणि तुम्ही इथे दार लावून खात होता. मला राग खाण्याचा नाही. माझं तोंड गेलंय. कान शाबूत आहेत. माझ्यासमोर खा."

माझं वाचून झालं. बाहेर मॅडम कुणाला तरी फोनवर रिपोर्टची तारीख सांगत होत्या. मग काकूंनी सोमवारची बरणी उघडली, मिठाची पुडी सोडली, बरणी ताटलीत पालथी केली आणि ताटली सरांपुढे सरकवली. सर बसले. गाजराचा तुकडा त्यांनी उचलला आणि परत ताटलीत ठेवला. दुसऱ्यांदा तो तोंडापर्यंत गेला, पण त्यांनी तो दातांत धरूनच ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

काकूंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

सरांनी चावलं. त्या छोट्याशा खोलीत तो आवाज केवढा मोठा झाला. काकूंनी डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली. सर चावत राहिले, सावकाश, गाजर संपेपर्यंत, आणि मग थांबून भीत भीत त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागले.

"अजून," काकू म्हणाल्या. तो शब्द मला कुणी सांगावा लागला नाही.